ढाणकीचा मे महिना आणि जुना एफएक्स-८३५०

सेकंडहँड एफएक्स-८३५० हाती आला, की बायोसमध्ये शिरून मल्टिप्लायर वाढवायची खाज सुटतेच. २०१२ चा हा एएमडी प्रोसेसर: आठ कोअर, ४ गिगाहर्ट्झ, १२५ वॅट. मल्टिप्लायर कंपनीनंच मोकळा सोडलाय, पण तुमचा बोर्ड कोणता ते आधी बघा. स्वस्तातल्या ७६०जी बोर्डांवर सॉकेटशेजारचे मॉस्फेट बहुधा उघडेच, वर हीटसिंक नाही.

खरी गोम व्होल्टेजमध्ये. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.३५ चे १.५ व्होल्ट करून ४.५ गिगाहर्ट्झ गाठलं, तर १२५ चे जवळपास १७५ वॅट होतात. वेग साडेबारा टक्के, उष्णता चाळीस! हा सगळा करंट त्या उघड्या मॉस्फेटांतून जातो, आणि आपल्याकडे ढाणकीला मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश. प्रोसेसरचं तापमान सॉफ्टवेअर दाखवतं, मॉस्फेटचं साध्या बोर्डावर सहसा दिसतच नाही.

गेम चालू असताना वेग एकदम १.४ गिगाहर्ट्झवर कोसळला, तर बोर्डानं हात टेकले समजा. अशा वेळी लिक्विड कूलर लावणं म्हणजे भलताच उपाय. सॉकेटजवळचा उरलासुरला वाराही जातो. खाली हवा मारणारा साधा कूलर इथे बरा.

मी उन्हाळ्यात व्होल्टेज उलट थोडं उतरवतो. वेग तोच राहतो.