साठात एक

विमान म्हटलं की आपल्याला आठवते ती हवाई सुंदरी, फार तर खिडकीची सीट. पण एका इंजिनाचं छोटं विमान नुसता नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि डोळे यांच्या भरवशावर नेतात, तेव्हा वाट कशी सापडत असेल? १५ ऑक्टोबर १९३२ला जे.आर.डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते असंच. २०२१मध्ये त्याच तारखेला मुंबईच्या आरोही पंडितने भुज ते जुहू हा प्रवास जीपीएसशिवाय केला. (भुजची बॉम्बने उखडलेली धावपट्टी १९७१च्या युद्धात माधापारच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत दुरुस्त केली होती, हे जाता जाता सांगायलाच हवं!)

मी कलाशाखेची. पण यातलं गणित इतकं सोपं आहे की फरशीवर खडूने मांडता येतं.

समजा, परभणीहून नांदेडला निघालो. सरळ रेघेत साधारण ६० किलोमीटर. उत्तरेचा वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला, तर विमानाचं नाक ठरल्या दिशेलाच राहतं, पण विमान मात्र हळूहळू गोदावरीकडे सरकतं. आत बसून काही कळत नाही. वरून गावं तर सगळी एकसारखीच! म्हणून नदीचं वळण, धरण, पूर्णेला अकोल्याकडे फुटणारा रेल्वेमार्ग अशा खुणा आधीच हेरून ठेवायच्या, कोणती किती वाजता दिसायला हवी तेही लिहायचं. एकच खूण पटली म्हणून भुलायचं नाही. दोन-तीन जुळल्या, तरच आपण कुठे आहोत ते खरं.

मग नियम लावायचा. ६० किलोमीटरला १ किलोमीटर बाजूला गेलो, तर दिशा १ अंशाने चुकली. निम्म्या वाटेवर, म्हणजे ३० किलोमीटरला, २ किलोमीटर उजवीकडे असू तर चूक ४ अंशांची. ४ अंश डावीकडे वळलं की सरकणं थांबतं, पण नांदेड २ किलोमीटर डावीकडेच राहून जातं. तिथे पोचायला आणखी ४ अंश. एकूण ८. अदमासाने भसकन वळवलं तर दुसऱ्या बाजूला भरकटणार, आणि टाकीत पेट्रोल मोजकंच.

आमच्या मुलींच्या अभ्यासवर्गात मी हे काढून दाखवलं. दहावीला गणितात राहिलेली एक मुलगी तिथे होती. तिची आई दाराशी उभी. "बाई, वर्ष तर गेलंच. आता स्थळं बघायलोत आम्ही," असं नुकतंच मला सांगून झालेलं.

मुलगी खडू घेऊन पुढे आली. "काकू, २० किलोमीटरवरच कळलं असतं तर? पुढे ४० उरले, दुप्पट. म्हणजे ४ आणि वर २, सहाच अंश वळायचं." मग स्वतःच म्हणाली, "आणि ४०वर कळलं, तर १२."

तीन वेळा ताडून पाहिलं मी. बरोबर होतं.

स्थळं बघणं थांबलंय असं नाही, परवाच जिंतूरकडची मंडळी येऊन गेली. पण पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला आम्ही शाळेत गेलो तेव्हा आईही आली. कनवटीला बांधून आणलेले फीचे पैसे तिनेच मोजून दिले.