धोबी ओळखा : पक्षी एकच, चेहरे तीन

थंडी पडली की आपल्या लातूर भागात तलावाच्या काठाला, भिजवलेल्या रानात एक सडपातळ पक्षी शेपूट खालीवर हलवत तुरुतुरु पळताना दिसतो. हा पांढरा धोबी. कुणी याला परीटही म्हणतं. हा हिवाळी पाहुणा आहे. उन्हाळा लागला की उत्तरेला परत जातो.

मागच्या हिवाळ्यात मी वर्गाला पाझर तलावावर नेलं होतं. एक मुलगी म्हणाली, "बाई, हा धोबी वेगळाय. यानं तोंडाला मुखवटा लावलाय." मी म्हणाले, "धोबीच आहे गं, लिही वहीत." घरी येऊन पुस्तक उघडलं, तर चूक माझीच होती!

उपजात म्हणजे काय?
जात एकच, पण विणीचे प्रदेश वेगवेगळे. त्यामुळे रंगात थोडा थोडा फरक पडतो. अशा गटांना उपजाती म्हणतात. हिवाळ्यात त्या एकाच तलावावर भेटू शकतात.

१) दुखुनेन्सिस : पाठ राखाडी. गाल पांढरा, आणि तो पांढरा रंग मानेच्या बाजूपर्यंत जातो. कर्नल साइक्स यांनी 1832 मध्ये हे नाव दिलं. 'दुखुन' म्हणजे आपलं दख्खन! पक्षी वीण करतो पश्चिम सायबेरियाकडे, नाव मात्र आपल्या मुलखाचं. काही अभ्यासक आता याला वेगळी उपजात मानत नाहीत.

२) पर्सोनाटा : पाठ राखाडीच, पण कानाजवळचा भाग आणि मानेची बाजू काळी. पांढरा रंग फक्त कपाळ आणि डोळ्याभोवती. लॅटिनमध्ये 'पर्सोना' म्हणजे मुखवटा. माझ्या विद्यार्थिनीला नेमकं तेच दिसलं होतं. हा मध्य आशियातून येतो.

३) ल्यूकॉप्सिस : चेहरा आणि गळा पांढरा, छातीवर काळा डाग, नराची पाठ काळी. हिवाळ्यात हा मुख्यतः ईशान्य भारतात असतो. आपल्याकडे दिसला तर दुर्मीळ नोंद!

इथे फसू नका
हिवाळ्यात पहिल्या दोघांचाही गळा पांढरा होतो आणि छातीवर काळी चंद्रकोर तेवढी उरते. म्हणून नुसता पांढरा गळा बघून "ल्यूकॉप्सिस सापडला" म्हणायचं नाही. आधी कान, मग पाठ बघा. मादी आणि लहान पिल्लं फिकट असतात, तिथे नुसतं 'पांढरा धोबी' लिहिलेलं बरं. आणि पाठ काळी, डोकंही काळं, वर ठळक पांढरी भुवई असेल, तर तो आपल्याकडे बारमाही राहणारा मोठा धोबी. ती जातच वेगळी.

कृती : वहीत धोब्याचं डोकं काढा. कान, गळा, पाठ जशी दिसली तशीच रंगवा. तारीख आणि जागा लिहा. नाव शेवटी लिहा, आणि खात्री नसेल तर ती जागा कोरी ठेवा. कोरी जागा नंतर भरता येते. चुकीचं नाव मात्र खरं म्हणून पुढे जात राहतं.

त्या मुलीच्या वहीत मी 'धोबी' खोडून 'मुखवटेवाला धोबी' लिहिलं, आणि खाली माझी सही केली.