दापोडीची बाग, भीमाशंकरचं रान

दापोडी म्हटलं की एसटीचं वर्कशॉप, लष्कराचं सीएमई, हॅरिस पुलावरची कोंडी आणि आता मेट्रो. मुळा-पवनेच्या संगमाजवळच्या या गावात एकेकाळी सरकारी वनस्पती उद्यान होतं, हे पिंपरी-चिंचवडच्या जुन्या रहिवाशांनाही सांगावं लागतं. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याला विचारलं, तर त्याने शेजारच्या महापालिकेच्या बागेचा रस्ता दाखवला. वास्तविक सह्याद्रीतल्या झाडाझुडपांचा शास्त्रीय अभ्यास मुंबई इलाख्यात रुजला, त्यात या जागेचा वाटा मोठा आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा कॅप्टन फोर्ड इथे बंगला बांधून राहत होता. १८१७ मध्ये खडकीची लढाई पेटली तेव्हा तो पलटण घेऊन इंग्रजांना मिळाला. पुढे गव्हर्नर जॉन माल्कमने पावसाळी मुक्कामासाठी ही जागा घेतली आणि १८२८ मध्ये बाग सुरू केली. १८३८ मध्ये ती अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरच्या हाती आली. दख्खन आणि खानदेशात देवीच्या लसी टोचत फिरलेला, मराठी शिकलेला हा माणूस. दापोडीत औषधी वनस्पती लावून तो सरकारी औषधभांडाराला माल पुरवायचा. नारायणगावजवळ हिवऱ्यालाही त्याची बाग होती. १८४७ मध्ये तो इलाख्याचा वनसंरक्षक झाला. १८६१ मध्ये डॅल्झेलबरोबर लिहिलेला त्याचा ‘द बॉम्बे फ्लोरा’ छापून आला. मग गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीला गेला, १८७३ मध्ये नवी बागही तिकडेच झाली आणि दापोडीचं नाव मागे पडलं.

मला मात्र गिब्सनपेक्षा त्याच्या चित्रकाराने वेड लावलं. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने वनस्पतींची दीडशेहून जास्त चित्रं काढून घेतली. आज ती एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत आणि तिथल्याच हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. नाव नोंदवायची तसदी कुणी घेतली नाही.

त्याचं काम हौसेचं नव्हतं. अभ्यासासाठी फांदी तोडून, कागदांत दाबून वाळवतात. आकार राहतो, रंग मात्र उडून जातो आणि मांसल पाकळ्यांचा चोथा होतो. म्हणून ताज्या फुलावरून चित्र हवं. दख्खनच्या उन्हात सकाळी खुडलेलं फूल दुपारपर्यंत मान टाकतं. तेवढ्या वेळात पानाच्या शिरा, देठावरची लव, पुंकेसर किती आणि कुठे जोडलेले, हे सगळं हिशोबाने उतरवायचं. सुंदर दिसावं म्हणून एक पाकळी जास्त काढली, तर अख्खं चित्र अभ्यासाच्या दृष्टीने बाद. असा हात ज्याला होता, तो आपल्या शहराच्या हद्दीत बसून काम करत होता.

बागेत लावलेली झाडं एक, रानातली दुसरी. ती पाहायला नाशिक फाट्यावरून भोसरी, चाकण, राजगुरुनगर आणि तिथून वाड्यामार्गे भीमाशंकर गाठलं. चाकणपर्यंत ट्रेलर आणि कंटेनर यांच्या मधून वाट काढावी लागते. त्यापुढे डोंगर दिसू लागतात. भीमाशंकर १९८५ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. लोक ज्योतिर्लिंगासाठी जातात, थोडे शेकरू पाहायला, झाडांसाठी जाणारे अगदी विरळा.

वाटेत एका महादेव कोळी आजोबांची गाठ पडली. चालता चालता काठीने दाखवत ते म्हणाले, “ही अंजनी, ते जांभूळ, तो पिसा.” उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावरचं सदाहरित रान शास्त्रज्ञ ज्या झाडांवरून ओळखतात, ती नेमकी हीच तीन. अंजनीचं लाकूड टणक, फुलं निळी. खाली दाट झुडूप कारवीचं. ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी टाकून मरते. आजोबांचा जीव मात्र हिरड्यात. उन्हाळ्यात कोवळी फळं गोळा करून वाळवली की बाळहिरडा होतो आणि त्यावर घरात चार पैसे येतात. २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या हिरड्याची मोठी हानी झाली. “झाड एका दिवसात पडतं, धरायला लागायला आमची उमर जाते,” ते म्हणाले.

या डोंगरांत देवाच्या नावाने राखलेल्या देवरायाही आहेत. पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला. सरकारी वनखात्याच्या कितीतरी आधी गावांनी रान राखलं होतं, हे त्यातून कागदावर आलं. गिब्सनला ही बाजू पुरती दिसली नव्हती. डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीला त्याने विरोध केला आणि पुढच्या जंगल कायद्यांनी डोंगरातल्या माणसाचीच वाट अडवली. पण रान तोडलं की झरे आटतात, हे त्याने सरकारला वारंवार कळवलं होतं, आणि ते खरंच होतं.

आज श्रावणात मंदिराच्या वाटेवर प्लास्टिकचा खच असतो. आणि खाली? पिंपरी-चिंचवड मावळातल्या पवना धरणाचं पाणी पितं, म्हणजे सह्याद्रीच्याच डोंगरांचं. तरी २०१९ पासून शहराला पाणी दिवसाआड. नळाचं वेळापत्रक पाठ असलेल्या शहराला ते पाणी अडवून धरणाऱ्या पाच झाडांची नावंही यावीत, ही काही फार मोठी अपेक्षा नाही. दापोडी मेट्रो स्टेशनच्या भिंतींवर त्या अनाम चित्रकाराच्या चित्रांच्या प्रती लावल्या तर सुरुवात होईल. खर्चही एखाद्या चौकातल्या कारंज्यापेक्षा कमीच येईल.