'यूज' म्हणजे नेमकं काय? एका छोट्याशा इंग्रजी शब्दावरून ३० वर्षांची शिक्षा कशी झाली?

इंग्रजी शिकताना अगदी सुरुवातीला जे शब्द भेटतात, त्यात 'यूज' हा एक. मराठीत त्याचा अर्थ 'वापरणे', असं आपण पाठ करतो आणि पुढे जातो. या शब्दासाठी डिक्शनरी उघडावी असं फारसं कुणाला वाटत नाही.

पण याच शब्दाचा अर्थ ठरवण्यासाठी १९९३ ते २००७ या काळात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला तीन निकाल द्यावे लागले. तिन्ही वेळा कायदा एकच होता आणि वाक्यातलं क्रियापदही एकच होतं. पहिल्या खटल्यात तर या शब्दाचा अर्थ कसा लावायचा, यावर एका माणसाची ३० वर्षं अवलंबून होती.

कोकेनच्या बदल्यात बंदूक देऊ करणं म्हणजे बंदूक 'वापरणं' होतं का, हा तो प्रश्न. या प्रश्नावर न्यायाधीशांमध्येही एकमत झालं नाही. असं का झालं, हे समजून घेण्यासाठी आधी शब्दाकडे पाहू या.

एका शब्दात किती अर्थ?

'यूज' हा शब्द मूळ लॅटिनमधला. तिथून तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'यूजुअल' म्हणजे नेहमीचा, 'युटेन्सिल' म्हणजे भांडं आणि 'अब्यूज' म्हणजे गैरवापर, हे शब्दही त्याच कुळातले.

हा शब्द नाम म्हणून आला की उच्चार 'यूस' होतो, क्रियापद म्हणून आला की 'यूज'. अर्थ मात्र सोबतच्या शब्दांप्रमाणे बदलत जातो.

'यूज अ पेन' म्हणजे पेन वापरणं. 'यूज्ड कार' म्हणजे आधी दुसऱ्या कुणाच्या मालकीची असलेली, सेकंडहँड गाडी. 'इट्स नो यूज' म्हणजे काही उपयोग नाही. 'आय यूज्ड टू स्मोक' म्हणजे मी पूर्वी सिगारेट ओढायचो, आता नाही. पण 'आय अ‍ॅम यूज्ड टू स्मोक' म्हटलं की मला धुराची सवय आहे, असा अर्थ निघतो. 'ही यूज्ड हर' म्हणजे त्याने तिचा स्वतःच्या फायद्यासाठी वापर करून घेतला. आणि काहीच न जोडता नुसतं 'ही यूजेस' म्हटलं, तर तो ड्रग्ज घेतो, असाही अर्थ होऊ शकतो.

मराठीत यातल्या प्रत्येक वाक्यासाठी आपण वेगळा शब्द काढतो: वापर, उपयोग, सवय, नशा. इंग्रजी मात्र एकाच शब्दावर भागवते.

आपला 'वापर' हा शब्दही वाटतो तितका साधा नाही. अनेक मराठी घरांत पाण्याचे दोन प्रकार असतात: प्यायचं पाणी आणि वापरायचं पाणी. पिणं हासुद्धा पाण्याचा वापरच आहे. तरीही 'वापरायचं पाणी' म्हटलं की ते पिण्यासाठी नाही, हे घरातल्या लहान मुलालाही कळतं. हा अर्थ डिक्शनरीतून कळत नाही. तो बोलण्याच्या सवयीतून कळतो.

अमेरिकेतल्या खटल्यात वाद झाला तो नेमका यावरूनच.

प्रकरण काय होतं?

'स्मिथ विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या नावाने हा खटला ओळखला जातो. टेनेसी राज्यातला एक माणूस कोकेन विकत घ्यायला साथीदारासह फ्लोरिडात गेला होता. तिथे त्याची गाठ एका माणसाशी पडली. वस्तू गहाण घेण्याचा आपला धंदा आहे, असं तो सांगत होता. प्रत्यक्षात तो वेषांतर केलेला पोलीस होता.

आरोपीकडे मॅक-१० ही बंदूक होती. ती मशीनगनसारखी सलग गोळ्या झाडू शकेल असे बदल त्यात केलेले होते आणि तिला सायलेन्सरही होता. पोलिसाने बंदुकीत रस दाखवल्यावर दोन औंस, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम कोकेनच्या बदल्यात ती देण्याची तयारी आरोपीने दाखवली. हा व्यवहार पुरा झालाच नाही. पोलिसांनी पाठलाग करून त्याला पकडलं.

ड्रग्जच्या गुन्ह्याची शिक्षा होणारच होती. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आणखी एक तरतूद होती. अमली पदार्थांचा व्यापार करताना आणि त्या व्यापाराच्या संदर्भात जो बंदूक 'यूज' करेल किंवा बाळगून नेईल, त्याला मूळ शिक्षेखेरीज पाच वर्षांचा तुरुंगवास. ती बंदूक मशीनगन असेल किंवा तिला सायलेन्सर असेल, तर ही वाढीव शिक्षा थेट ३० वर्षांची.

आरोपीने गोळी झाडली नव्हती. बंदूक कुणावर रोखलीही नव्हती. त्याने ती फक्त सौद्यात देऊ केली होती. मग त्याने बंदूक 'वापरली' का?

सहा विरुद्ध तीन

जून १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला: हो, वापरली.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिला. त्यांनी डिक्शनऱ्यांचा आधार घेतला. एखादी गोष्ट आपल्या कामी लावणं किंवा तिच्याद्वारे हेतू साधणं म्हणजे 'यूज', असा अर्थ तिथे दिलेला होता. आरोपीला कोकेन हवं होतं आणि ते मिळवण्यासाठी त्याने बंदूक कामी लावली. शिवाय बंदूक 'शस्त्र म्हणून' वापरली पाहिजे, असे शब्द कायद्यात कुठेही नव्हते. ड्रग्जच्या सौद्यात चलन म्हणून आलेली बंदूक क्षणात शस्त्र होऊ शकते, हा धोकाही त्यांनी लक्षात घेतला.

न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी विरोधी मत नोंदवलं. त्यांच्यासोबत आणखी दोन न्यायमूर्ती होते. एखादा शब्द कशाकशासाठी वापरता येऊ शकतो आणि तो साधारणपणे कशासाठी वापरला जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुमताने त्यांची गल्लत केली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यासाठी त्यांनी काठीचं उदाहरण दिलं. 'तुम्ही काठी वापरता का?' असं कुणी विचारलं, तर आजोबांची चांदीच्या मुठीची काठी तुम्ही दिवाणखान्यात शोभेला लावली आहे का, असं त्याला विचारायचं नसतं. चालताना काठी लागते का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

हे उदाहरण मराठीतही जसंच्या तसं लागू पडतं. 'तुम्ही चष्मा वापरता का?' या प्रश्नाला 'हो, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवतो' असं उत्तर कुणी देत नाही. वस्तूचं नाव घेतलं की तिचा ठरलेला उपयोग आपोआप गृहीत धरला जातो.

स्कॅलिया यांच्या मते 'बंदूक वापरणं' म्हणजे ती शस्त्र म्हणून वापरणं. ओढूनताणून अर्थ लावायचा तर बंदुकीने डोकं खाजवणं हाही वापरच ठरेल, अशी कोपरखळीही त्यांनी मारली. शिवाय फौजदारी कायद्याच्या शब्दांत संदिग्धता असेल, तर तिचा फायदा आरोपीला मिळायला हवा, याची त्यांनी आठवण करून दिली.

पण बहुमत दुसऱ्या बाजूला होतं. ३० वर्षांची शिक्षा कायम राहिली.

डिकीत पडून असलेली बंदूक

दोनच वर्षांत हा शब्द पुन्हा न्यायालयासमोर आला. १९९५ च्या 'बेली विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या निकालात दोन प्रकरणं एकत्र ऐकली गेली. एकात बंदूक गाडीच्या बंद डिकीत सापडली होती, दुसऱ्यात कपाटातल्या कुलूपबंद पेटीत. जवळ ड्रग्ज होते आणि बंदूक हाताशी असावी म्हणून ठेवलेली होती. हा वापर झाला का?

या वेळी सगळे न्यायमूर्ती एकमताने 'नाही' म्हणाले. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पुन्हा ओ'कॉनरच होत्या. नुसतं जवळ ठेवणं म्हणजे वापरणं नव्हे, बंदुकीने प्रत्यक्ष काहीतरी केलेलं असलं पाहिजे, असं त्यांनी म्हटलं. गोळी झाडणं, बंदूक उगारणं, ती दाखवून धमकावणं, तिने मारणं, इतकंच काय, तिचा सौदा करणं हेसुद्धा वापरात बसतं. पडून राहणं बसत नाही.

या निकालात एक मजेदार वाक्य उदाहरणादाखल दिलेलं आहे. त्याचा आशय असा: घराच्या रक्षणासाठी मी बंदूक वापरतो, पण ती वापरायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. एकाच वाक्यात 'वापरणे' दोनदा येतं आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा. तरीही ऐकणारा गोंधळत नाही.

या निकालानंतर १९९८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदाच बदलला. गुन्ह्याला बळ मिळावं म्हणून बंदूक नुसती जवळ बाळगणं हेही त्यात आलं. शिक्षेच्या पायऱ्याही ठरल्या. बंदूक वापरली, नेली किंवा अशा प्रकारे बाळगली तर किमान पाच वर्षं, उगारली तर सात, झाडली तर दहा. एका शब्दावर सोपवलेलं काम आता अनेक शब्दांत वाटलं गेलं.

देणारा वापरतो, मग घेणारा?

पण 'यूज' कायद्यात होताच. डिसेंबर २००७ मध्ये 'वॉटसन विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या खटल्यात नेमका उलटा प्रश्न आला. या आरोपीने ऑक्सिकोन्टिन या वेदनाशामक औषधाचे २४ डोस देऊन त्या बदल्यात पिस्तूल घेतलं होतं.

सरकारचा युक्तिवाद सरळ होता. सौद्यात बंदूक देणारा ती वापरतो असं १९९३ मध्ये ठरलं आहे, मग घेणाराही वापरतोच.

न्यायालयाने हे मान्य केलं नाही आणि या निर्णयावर सर्व नऊ न्यायमूर्ती सहमत होते. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी शाळकरी मुलाच्या डब्यात शोभेल असं उदाहरण दिलं. एका मुलाने सफरचंद देऊन ग्रॅनोला बार घेतला, तर त्याने सफरचंद वापरलं असं म्हणता येईल. त्याने बार वापरला, असं कुणी म्हणणार नाही.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग निकालाशी सहमत होत्या, पण १९९३ चा निकालच चुकीचा होता आणि तो रद्द व्हायला हवा, असं त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवलं. बाकीच्यांनी तो रद्द केला नाही. त्यामुळे एक विचित्र स्थिती तयार झाली. एकाच सौद्यात बंदूक देणारा ती 'वापरतो', पण घेणारा 'वापरत' नाही.

भारतातही हाच शब्द, हाच प्रश्न

हा वाद फक्त अमेरिकेपुरता नाही. आपल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३९७ मध्येही 'यूजेस' हाच शब्द होता. जबरी चोरी किंवा दरोड्याच्या वेळी प्राणघातक हत्यार 'वापरलं', तर किमान सात वर्षांची शिक्षा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ३११ मध्ये आहे.

चाकू भोसकला तर तो वापरला, यात शंका नाही. पण नुसता हातात धरला तर?

'फूल कुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन' या १९७५ च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. समोरच्याला दिसेल आणि त्याला धास्ती बसेल असा चाकू हातात धरणं, हाही वापरच. त्यामागचा तर्क असा होता: पुढच्याच कलमात, म्हणजे ३९८ मध्ये, हत्यार सोबत ठेवून जबरी चोरीचा नुसता प्रयत्न केला तरी किमान सात वर्षं सांगितली होती. मग चोरी पूर्ण झाल्यावर तेवढ्याच शिक्षेसाठी चाकू प्रत्यक्ष चालवलेला असण्याची अट घालणं विसंगत ठरलं असतं. इथे शब्दाचा अर्थ ठरवायला शेजारचं कलम उपयोगी पडलं.

डिक्शनरी पुरेशी का नसते?

या सगळ्या निकालांत डिक्शनरी चुकीची नव्हती. एखाद्या शब्दाचे कोणते अर्थ होऊ शकतात, हे ती सांगते. त्यातला कोणता अर्थ या वाक्यात अभिप्रेत आहे, हे ठरवायला सोबतचे शब्द, वाक्याचा विषय आणि लोकांची बोलण्याची रीत पाहावी लागते.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांना अवघड शब्दांपेक्षा 'यूज', 'गेट', 'टेक', 'सेट' असे छोटे शब्दच जास्त फसवतात. मोठा, तांत्रिक शब्द बहुतेकदा एकाच अर्थाला चिकटून असतो. छोटे शब्द रोज हाताळले जातात आणि प्रत्येक कामाला थोडे वेगळे वळतात. त्यांच्या अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा ते कोणत्या शब्दांसोबत येतात हे लक्षात ठेवलं, तर ते लवकर हाती लागतात.

बोलताना घोटाळा झाला तर 'म्हणजे काय?' असं विचारता येतं. कायदा, करार, विम्याची पॉलिसी किंवा भाड्याचं ॲग्रीमेंट यांना ते विचारता येत नाही. त्यामुळे सही करण्याआधी कठीण शब्दांचे अर्थ शोधताना सोप्या शब्दांवरही एकदा थांबायला हवं. घर 'राहण्यासाठी वापरायचं' असं ॲग्रीमेंटमध्ये लिहिलं असेल, तर तिथे बसून शिकवण्या घेणं त्यात येतं का, हे आधीच विचारून ते लिहून घेतलेलं बरं.