रूटर, सुतारकामाचा

लाकडात खाच, खोबण वा नक्षी कोरण्याचे आणि कडा गोल करण्याचे, हातात धरून चालवावयाचे विद्युत् हत्यार. पूर्वी ही कामे पटाशी व निरनिराळे रंधे यांनी करीत. रूटरच्या पकडीत बसविलेला कर्तक मिनिटाला सु. १०,००० ते ३०,००० फेरे घेतो.

घरगुती कामासाठी निवड करताना पकडीचा व्यास, वेगनियंत्रण व तळ यांचा विचार करतात. कडा व उथळ खाचा यांना ६.३५ मिमी. पकडीचा लहान रूटर पुरतो. चौकटीसारख्या जाड कामास १२.७ मिमी. पकडीचा बरा, कारण जाड दांड्याचा कर्तक कमी थरथरतो. फळीच्या मध्यभागी खोबण पाडण्यास खाली दाबता येणारा तळ सोयीचा असतो. मिनिटाला २०,००० फेऱ्यांच्या वेगाने ५० मिमी. व्यासाच्या कर्तकाची धार सेकंदाला सु. ५२ मी., तर १२ मिमी. व्यासाची सु. १३ मी. जाते, म्हणून मोठा कर्तक मंद गतीने चालवितात व वेग बदलता येणारे यंत्र पसंत करतात.

भंडारा जिल्ह्याच्या पानझडी वनांत साग आढळतो. सागातील सिलिकेमुळे पोलादी धार लवकर बोथट होते. बोथट कर्तक लाकूड करपवितो. त्यामुळे टंगस्टन कार्बाइडाच्या धारेचे कर्तक हितावह ठरतात. फळीच्या बाहेरील कडेवर रूटर वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने सरकवितात. अन्यथा तो हातातून निसटू शकतो. लाकडाची धूळ १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्ककारक ठरविली. म्हणून चष्मा, मुखपट्टी व धूळ शोषणाची सोय यांचा खर्च यंत्राच्या किंमतीतच धरावा लागतो.