‘डिप्लीट’ : अर्थ आणि प्रयोग

इंग्रजीतील ‘डिप्लीट’ या क्रियापदाचा अर्थ वर्गात बहुधा ‘कमी करणे’ एवढाच सांगितला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. आणि त्यावरच विसंबून राहिल्यास विद्यार्थी किंमत, वेग, तापमान यांनाही हे क्रियापद लावू लागतात.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘प्लेरे’ म्हणजे भरणे. त्यास ‘दे’ हा उपसर्ग लागून ‘भरलेले रिते करणे’ हा अर्थ सिद्ध झाला. ‘कम्प्लीट’ हा शब्द त्याच कुळातला, आणि आपला ‘पूर्ण’ही त्याचा दूरचा सगोत्र. एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य वैद्यकात रोग्याचे रक्त काढण्याच्या उपचारासही हे क्रियापद योजीत.

यावरून प्रयोगाचा नियम सहज ध्यानी येतो. प्रथम साठा असावा, तो वापराने वा उपशाने घटावा, आणि घट अशी असावी की उरलेल्यावर पूर्वीचे काम निभणे कठीण व्हावे. कोठारातील धान्य, सैन्याचे बळ, राखीव निधी यांना हे क्रियापद शोभते. किंमत, वेग, तापमान हे साठे नव्हेत; तेथे ‘रिड्यूस’ योजावे.

‘एक्झॉस्ट’शीही याची गल्लत होऊ देऊ नये. ‘एक्झॉस्ट’मध्ये साठा संपतो, ‘डिप्लीट’मध्ये तो खालावतो. ओझोनच्या थरास घातक द्रव्यांविषयी १९८७ साली माँट्रियल येथे झालेल्या कराराच्या अधिकृत नावात हेच क्रियापद आहे. थर नष्ट झाला नव्हता, विरळ झाला होता. म्हणूनच तो हळूहळू भरून येऊ शकतो. ‘डिप्लीटेड युरेनियम’ म्हणजेही संपलेले युरेनियम नव्हे. नैसर्गिक युरेनियमात २३५ भारांकाचा अंश सुमारे ०.७ टक्के असतो. तो काढून घेऊन घटविलेले ते युरेनियम.

मराठीत यास एकच प्रतिशब्द शोधण्याचा अट्टाहास नको. जमिनीचा कस उतरतो, सैन्य रोडावते, गंगाजळीस ओहोटी लागते, भूजल खालावते. प्रत्येक साठ्यास आपल्या भाषेने स्वतंत्र क्रियापद दिले आहे.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. भूजलाविषयीच्या इंग्रजी अहवालात हा शब्द वाचून ‘पाणी थोडे कमी झाले’ असे समजणारा विद्यार्थी निश्चिंत राहील, आणि ‘पाणी संपले’ असे समजणारा हताश होईल. उपसा भरण्याहून अधिक झाला आहे, तरी भरणे अद्याप शक्य आहे, हा खरा आशय त्याच्यापर्यंत पोचविणे हे भाषाशिक्षकाचेच काम होय.