जुन्या गाडीचं वायरिंग – भाग ६ : किल्ली फिरते, सेल्फ गप्प

पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी दसऱ्याला धुऊनपुसून पूजेला काढायची, हार घालायचा, किल्ली फिरवायची आणि ऐकू यावं नुसतं 'टक्'. उल्हास नदीच्या अंगाला असलेल्या बदलापूर गावात जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना हे सांगायला नको. मग एकेक खर्च सुरू होतो. आधी बॅटरी नवी, मग सेल्फ उतरवून दुरुस्तीला, मग कुर्ल्याच्या बाजारातून स्विच. एवढं करूनही पुढच्या दमट सकाळी गाडी पुन्हा धक्कास्टार्ट. माझा आग्रह एकच आहे : पार्ट काढण्याआधी करंट कुठवर पोचतो आणि कुठे अडतो, ते तपासा.

पद्मिनी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायची, पण तिचं मूळ फियाट ११००मध्ये. त्यामुळे स्विचच्या पाठीमागे फियाटच्या पद्धतीचे आकडे सापडतात. ३० म्हणजे बॅटरीकडून कायम येणारा करंट. १५/५४ वरून इग्निशन कॉइल आणि मीटर चालतात. ५० ची वायर थेट सेल्फच्या सोलेनॉइडला जाते. अँबॅसेडरवाल्यांनी रंग बघावेत, तिथे ल्युकासची पद्धत आहे : तपकिरी बॅटरीची, पांढरी इग्निशनची, पांढरीवर लाल रेघ असलेली सेल्फची. अर्थात मधल्या काळात कुणी मिळेल त्या रंगाची वायर जोडलेली नसेल तरच.

पहिली परीक्षा फुकटची आहे. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. लाइट एकदम विझत आले, तर बॅटरी उतरलेली आहे, टर्मिनल खारलेलं आहे किंवा सेल्फ अडकलाय. लाइट जसेच्या तसे आणि आवाजही नाही, म्हणजे करंट सोलेनॉइडपर्यंत जातच नाही. स्विच आणि ५० ची वायर तपासा. 'टक्' खणखणीत आला, लाइट ढिम्म हलले नाहीत, तर सोलेनॉइडच्या आतले जाड संपर्क जळलेत किंवा कार्बन ब्रश संपलेत. सेल्फ घरघर फिरतो पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स बघायचा, वायरिंगला हात लावायचा नाही.

एक लक्षण फार फसवं आहे. सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि किल्ली सोडताक्षणी बंद पडतं. लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात. खरं तर स्विचचा १५/५४ चा संपर्क सेल्फच्या जागी लागतो आणि चालू जागेवर परत आल्यावर सुटतो, एवढंच झालेलं असतं.

आता मल्टिमीटर. चांगली भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून बॉडीला टेकवून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर साडेनऊच्या खाली व्होल्टेज गेलं, तर आधी बॅटरीचं बघा. ते ठीक असेल, तर मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर धरा. पुन्हा सेल्फ. इथे पाव व्होल्टच्या वर आकडा आला, की चोर सापडला : अर्थ.

अर्थवर मी मुद्दाम थांबतो, कारण आपल्या हवेत सर्वाधिक गाड्या इथेच अडतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. बॉडीशी त्याचा खात्रीचा विजेचा संबंध म्हणजे एक विणलेली तांब्याची पट्टी. तिच्या बोल्टखाली गंज धरतो, विणीत हिरवा थर चढतो, आणि वरून पट्टी धडधाकट दिसते. मग सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअरचा करंट मिळेल ती वाट धरतो. सेल्फ मारताना चोकची वायर हाताला गरम लागली, तर तो करंट तिथूनच चाललाय असं समजा. हे चालू देऊ नका. वायरच्या आवरणाला आग लागू शकते. पट्टी काढा, बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

स्विचचा संशय असेल, तर किल्ली बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्येच असल्याची खात्री करून, बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायरने सोलेनॉइडच्या ५० ला क्षणभर करंट द्या. सेल्फ दणक्यात फिरला, तर तो निर्दोष. दोष स्विचमध्ये किंवा वायरमध्ये. सोलेनॉइड खेचताना बराच करंट घेतो आणि तो सगळा त्या म्हाताऱ्या स्विचच्या झिजलेल्या पितळी संपर्कातून जातो. म्हणून मी प्रत्येकाला चार पिनांचा ३० अँपिअरचा रिले लावायला सांगतो. स्विचची ५० ची वायर ८६ ला, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड वायर, आणि ८७ वरून सोलेनॉइड. रिले डॅशबोर्डखाली लपतो, गाडीचं मूळ रूप बिघडत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आता राहिलेल्या मूळ स्विचांना जपलंच पाहिजे.

पुराचं पाणी लागलेल्या गाडीचा नियम वेगळा. २६ जुलै २००५चा महापूर आपल्याकडे कुणी विसरलेला नाही. २७ जुलै २०१९ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली होती. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची किल्ली फिरवून बघायची नाही. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह काढायची. सेल्फ इंजिनच्या खालच्या अंगाला असतो, त्यामुळे तो सर्वांत आधी बुडतो. उतरवून उघडायचा, गाळ काढायचा, वाळवायचा, बुशांना नवं तेल द्यायचं. स्विच आणि सगळे जोड कोरडे झाल्याशिवाय बॅटरी परत जोडायची नाही.

सेल्फ झकास फिरतो, पण दर दोन दिवसांनी बॅटरी उतरते, अशी तुमची तक्रार असेल तर पुढच्या आठवड्यात डायनमो आणि कटआउट उघडू.